गुलाबाखालचा हुकूम

१

बुधवारी सकाळी पोहण्याच्या तलावात पाणी नव्हतं.

कमी होतं किंवा गढूळ होतं, अशातला भाग नाही. नव्हतंच. ही गोष्ट सगळ्यात आधी प्रशिक्षकांना कळली, आणि तीही पाठीच्या खालच्या बाजूने. प्रशिक्षक रोज सकाळी उथळ बाजूच्या शिडीवरून डोळे मिटून उतरत. उघड्या डोळ्यांनी उतरणारा माणूस पाण्यावर अविश्वास दाखवतो, असं त्यांचं मत होतं. त्या दिवशी त्यांनी पाण्यावर पूर्ण विश्वास दाखवला, मागे अंग झोकून दिलं, हवेत दोन हात मारले आणि निळ्या फरशीवर जाऊन बसले. मग त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून तिकीटखिडकीतल्या बाई आणि ऑफिसातले व्यवस्थापक धावत आले.

तलावाच्या तळाशी प्रशिक्षकांखेरीज एक चष्मा, एकच बूट आणि एक कवळी सापडली. माणूस एका बुटाने घरी कसा गेला असेल, यावर थोडा वेळ चर्चा झाली. मग मूळ प्रश्न आठवला.

पाणी सोडायची झडप पंपखोलीत होती आणि पंपखोली मावशीच्या ताब्यात. मावशी म्हणजे कुणा एकाची मावशी नव्हे, तिथे येणारे सगळेच तिला मावशी म्हणत. तिने काहीही लपवलं नाही.

"मीच सोडलं पाणी," ती पदराला हात पुसत म्हणाली. "काल संध्याकाळी, सगळे गेल्यावर. हुकूम होता."

"कुणाचा?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"तुमचाच की, साहेब."

"मी तुम्हाला कधी सांगितलं?"

"गुलाबाखाली लिहिलं होतं ना."

प्रशिक्षकसुद्धा कण्हायचे थांबले. व्यवस्थापकांनी मान हलवली, आवाज मऊ केला आणि वेड लागलेल्या माणसाशी बोलतात तसं म्हणाले, "मावशी, तुम्ही आता घरी जा. शनिवारी तलावाच्या मंडळाची बैठक आहे. तुम्हाला कामावर ठेवायचं की नाही, ते तिथे ठरेल."

२

कुणा एकाची मावशी नव्हे म्हटलं खरं, पण एकीची होती. सख्ख्या बहिणीची मुलगी, लहानपणापासून मावशीच्याच घरात वाढलेली. तिला सगळे चिमटी म्हणत. लहान असताना ती गल्लीतल्या पोरांच्या पायातले काटे काढायची, आणि काटा हाताला लागेपर्यंत पाय सोडायची नाही, मग पोरगं रडो की लाथ मारो. मोठेपणी ती पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार खात्यात लागली. दिवसभर लोक फोनवरून तिच्यावर ओरडत आणि ती शांतपणे त्यांची हरवलेली पार्सलं शोधून काढे. पार्सल हरवत नसतं, ते कुठेतरी असतंच, आपण चुकीच्या दारावर थाप मारत असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बुधवारी दुपारी ती घरी आली तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"नोकरी गेली तर गेली गं," मावशी म्हणाली. "पण कोपऱ्यावरचा दुकानदार मला विचारतो, मावशी, आज झेंडू काय म्हणतोय? त्याचं काय करू?"

"नोकरी जाणार नाही आणि दुकानदाराचं मी बघते," चिमटी म्हणाली. "मला पहिल्यापासून सांग."

मावशीने सांगितलं. तलावावरच्या माणसांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात व्यवस्थापक, प्रशिक्षक, तिकीटबाई आणि पंपखोलीतला फोन. मावशीचा स्वतःचा फोन साधा, बटणांचा. पंपखोलीतला फोन तलावाचा, जुना, दोरीने खिळ्याला टांगलेला. व्यवस्थापक ग्रुपवर रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवत. वर 'शुभ सकाळ', मधे फूल, खाली एखादं सुवचन. आणि अधूनमधून त्या सुवचनाच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, काम.

"सरळ का नाही लिहीत?"

"सरळ लिहिलं की माणसं दुखावतात, म्हणतात. स्वभावाने भित्रे आहेत गं बिचारे."

"आणि हे मुंगीचं लिखाण तुझ्याशिवाय कोण वाचतं?"

"कुणी नाही. मला मीटरवरचे आकडे वाचायला भिंग दिलंय ना. तेच फोनवर धरते. फुलं छान दिसतात भिंगातून. कालचा गुलाब तर काय सुंदर! पाकळीवर मधमाशी बसलेली."

पंपखोलीची किल्ली अजून मावशीकडेच होती. दोघी गेल्या. चिमटीने खिळ्यावरचा फोन उतरवला आणि ग्रुप उघडला. सोमवारचा झेंडू जागेवर होता. बुधवारची लिलीही होती. तलाव कोरडा पडला त्या दिवशीसुद्धा व्यवस्थापकांनी फूल पाठवायचं चुकवलं नव्हतं. मंगळवारी मात्र व्यवस्थापकांच्या नावाखाली नुसती एक करडी ओळ होती.

'हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.'

कुणीतरी गुलाब खुडला होता.

३

फोनदुरुस्तीच्या दुकानात चिमटीने पंपखोलीतला फोन काउंटरवर ठेवला. दुरुस्तीवाल्याने तो दोन बोटांनी उचलला, मागून पुढून पाहिला आणि विचारलं, "हा पाण्यातून काढलाय का?"

"नाही. पाणीच याच्यातून काढलंय," चिमटी म्हणाली. "डिलीट झालेलं चित्र परत मिळेल?"

मिळेलच असं नाही, पण प्रयत्न करता येईल, असं म्हणून त्याने जो आकडा सांगितला, त्यात नवा तलाव बांधून झाला असता. चिमटीने फोन परत पिशवीत टाकला. फुकटात जमेल तेवढंच करायचं होतं आणि फुकटात माणसांना प्रश्न विचारता येतात.

ती तिकीटखिडकीवर गेली. तलाव बंद होता, तरी तिकीटबाई खिडकीत बसून होत्या. बसायची सवय झालेली. ग्रुपच्या अ‍ॅडमिन त्याच.

"मी खुडते ना फुलं," त्या पहिल्याच प्रश्नाला म्हणाल्या. "दर सोमवारी. सगळ्यांचे फोन स्वस्तातले, जागा नाही कुणाकडे. पंपखोलीतला फोन तर एक फूल जास्त झालं की बंदच पडतो. म्हणून आठवड्याची फुलं एकदम सगळ्यांच्या फोनवरून डिलीट करते."

"मग मंगळवारचा गुलाब मधेच कसा गेला?"

"मला काय माहीत? मी सोमवारशिवाय हात लावत नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

"त्याच्याखाली काय लिहिलं होतं?"

"त्याच्याखाली काही असतं?" तिकीटबाईंनी खरोखरच आश्चर्याने विचारलं. "मी फूल बघते. बरं वाटलं तर तसं लिहिते. आपल्या साहेबांचा उत्साह मोडू नये."

चिमटीने त्यांच्या फोनवर ग्रुप वर सरकवला. मागच्या आठवड्यांतल्या सगळ्या सकाळी एकसारख्या होत्या. 'हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला आहे.' खाली परत, 'हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला आहे.' फुलबागेची स्मशानभूमी झालेली.

"बाई, बुधवारपासून तुम्हाला सुट्टीच मिळाली म्हणायची," चिमटी सहज म्हणाल्यासारखं म्हणाली.

तिकीटबाईंनी खिडकीचा दरवाजा अर्धा ओढून घेतला. "बहिणीच्या नव्या घरी जायचं होतं मला. रजा मागितली होती, मिळाली नाही. आता मिळाली. म्हणून काय मी तलाव उपसला? आणि रजा मिळूनही मी इथेच बसलेय, ते नाही दिसत तुला?"

ते खरं होतं. चिमटीने विषय बदलला आणि ग्रुपवरच्या सगळ्या जुन्या गप्पा एका फाइलमध्ये काढून मागितल्या. अ‍ॅपमध्ये ती सोय असते, पैसे पडत नाहीत. चित्रं येत नाहीत त्यात, नुसती अक्षरं येतात. तिकीटबाईंनी फाइल पाठवली आणि मग हळूच म्हणाल्या, "सरांना विचारलंस का? त्यांची पोरं स्पर्धेत बुडणार होती. पाण्यात नव्हे गं, नंबरात. तलाव बंद पडला म्हणून स्पर्धा पुढे गेली. सरांचं नशीब!"

४

सर, म्हणजे प्रशिक्षक, घरी पलंगावर पालथे पडले होते. बसता येत नव्हतं. चिमटीला त्यांच्याशी बोलण्यासाठी जमिनीवर बसावं लागलं, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर येत.

"पोरं हरणारच होती," त्यांनी उशीत तोंड ठेवून कबूल केलं. "पण मला तलाव रिकामा करायचा असता, तर मी त्यात उडी मारली असती का?"

चिमटीने हा मुद्दा मान्य केला.

"गुलाबाखालचं तुम्ही वाचलं होतं?"

"ताई, मी गुलाबसुद्धा बघत नाही. साहेबांचं फूल आलं की सरळ पुढे ढकलतो." एवढ्यात उशाशी ठेवलेला फोन टिंग वाजला. व्यवस्थापकांचं गुरुवारचं फूल उशिरा आलं होतं. सरांनी मान न वळवता, न बघता, अंगठ्याने चार ठिकाणी दाबलं आणि फोन परत ठेवला. "बघितलंत? झालं. सासऱ्यांना रोज एक फूल लागतं. नाही गेलं तर विचारतात, जावईबापू रागावले का? फुकटची फुलं मिळतात, तेवढाच साहेबांचा उपयोग."

फोन परत वाजला. या वेळी बायकोचा होता, माहेरून. आवाज इतका मोठा की चिमटीला जमिनीवर ऐकू येत होता. तिच्या बाबांच्या घरी पाणी नव्हतं. गच्चीवरची टाकी मंगळवारपासून कोरडी ठणठणीत होती.

"मग मी काय करू? मी नळ आहे का?" सर ओरडले.

"बाबा म्हणतात, जावईबापूंनाच विचार!"

"मला का? मी पाण्यातला माणूस आहे म्हणून सगळ्या जगाचं पाणी माझ्याच डोक्यावर?" त्यांनी फोन बंद केला. "बघा ताई, हे सासर. ग्रुपचा आवाज बंद करून ठेवलाय, तर थेट फोन करतात."

चिमटीने सहानुभूतीने मान हलवली आणि उठली. दारापर्यंत गेल्यावर तिला उगाचच वाटलं की एक काटा आपल्या बोटाखालून निसटला. तिने मागे वळून पाहिलं. पलंगावर फक्त सर होते, पालथे.

५

व्यवस्थापक भेटायला घाबरत होते, हे त्यांनी चिमटीला बसायला दोन खुर्च्या देऊ केल्या त्यावरून कळलं.

"मावशींबद्दल मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "वय झालं की असं होतं. भास होतात."

"तिला मीटरचा आकडा कधी चुकीचा दिसलाय?"

"नाही, तसं नाही."

"मग गुलाबच कसा चुकीचा दिसला?"

व्यवस्थापकांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, फिरवला, परत ठेवला. "मी फुलांखाली कामं लिहीत नाही. कधीच नाही. फुलं ही आनंदासाठी असतात."

"रोज नवीन फूल कुठून आणता, साहेब?"

इथे त्यांचा चेहरा खुलला. आवडीचा विषय. "नवीन कशाला? माझ्याकडे मोठा साठा आहे. फिरवून फिरवून पाठवतो. मोसमाप्रमाणे. कुणाच्या लक्षातही येत नाही. जुनं फूल तेवढंच ताजं दिसतं."

"आणि मंगळवारचं फूल डिलीट कुणी केलं?"

"तिकीटबाईंनीच केलं असणार. त्या सारख्या खुडत असतात." ते घाईने म्हणाले. मग दारापर्यंत सोडायला आले, आणि दार लावून घेतल्यावर आतून कडीही लावली.

बाहेर फळ्यावर शनिवारच्या बैठकीची सूचना चिकटवलेली होती. विषय एकच होता आणि तो मावशी होती.

६

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत चिमटीने डबा न उघडता फाइल उघडली.

ग्रुपची सगळी वर्षं त्यात होती. आधी तिने 'रिकामं' शोधलं. एकच जागा सापडली, प्रशिक्षक तिकीटबाईंना म्हणाले होते, तुमचं डोकं रिकामं आहे. 'झडप' शोधलं, काही नाही. 'पाणी' शोधलं, आणि पस्तावली. तलावावरची माणसं पाण्याखेरीज कशाबद्दलच बोलत नव्हती. पाणी थंड आहे, पाणी हिरवं आहे, पाण्यात कुणाची तरी पट्टी तरंगतेय, पाणी प्यायला कुणी आणेल का. शिवाय तिकीटबाई मराठी इंग्रजी अक्षरांत लिहीत, त्यामुळे तेच सगळं परत एकदा शोधावं लागलं.

हुकूम कुठेच नव्हता. असणारच नव्हता. हुकूम चित्रात होता आणि अक्षरं शोधणाऱ्याला चित्र दिसत नाही.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण फोनवर एका गिऱ्हाइकाला विचारत होती, "काका, पार्सल कसं दिसतं ते राहू द्या. ते आलं तेव्हा शेजारी कोण होतं, आणि ते काय म्हणाले?"

चिमटीने मान वर केली. मग परत खाली घातली आणि शोधायच्या चौकटीत शब्द लिहिला, 'मधमाशी'. मग तोच इंग्रजी अक्षरांत.

एक जागा निघाली. गेल्या वर्षीची.

व्यवस्थापक: हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला आहे. लगेच खाली तिकीटबाई: किती गोड, मधमाशी अगदी खरी वाटते!

चिमटी पुढे वाचत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षक: तलावात पाणी का नाही????? आणि त्यावर व्यवस्थापक, स्वतःच्या हाताने, सरळ अक्षरांत: फरशीचं काम आहे. काल सकाळी कळवलं होतं.

तिने आदला दिवस परत सावकाश वाचला. त्या सकाळी व्यवस्थापकांनी एकच गोष्ट पाठवली होती. मधमाशीचा गुलाब.

म्हणजे साहेब फुलांखाली लिहितात. म्हणजे फुलं आनंदासाठी असतात, ही थाप. आणि म्हणजे... तिने डोळे मिटले. साठा. फिरवून फिरवून. मोसमाप्रमाणे. हा मंगळवारचा गुलाब नवा नव्हताच. गेल्या वर्षीचा तोच गुलाब, पोटात गेल्या वर्षीचाच हुकूम घेऊन, परत आला होता. पाठवताना साहेबांनीही खालचं वाचलं नव्हतं.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. मंडळात साहेब म्हणणार, तो गेल्या वर्षीचा. हा दुसरा, कोरा. मंगळवारचा गुलाब दाखवल्याशिवाय मावशी वेडीच ठरणार. आणि तो गुलाब ना पंपखोलीत होता, ना तिकीटखिडकीत. जपून ठेवणारं कुणीच नव्हतं त्या तलावावर.

जपून ठेवणारं नव्हतं. पण पुढे ढकलणारं?

चिमटी ताडकन उठली. डबा खाली पडला, झाकण टेबलाखाली घरंगळत गेलं.

"काय झालं गं?" मैत्रिणीने फोनवर हात ठेवून विचारलं.

"टाकी!" चिमटी म्हणाली. "म्हाताऱ्याने टाकी रिकामी केली!"

७

मंडळाच्या अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर होत्या, आता निवृत्त. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता त्या दातांत बघत. त्यामुळे त्यांच्यासमोर खोटं बोलणं अवघड जाई, कारण माणसं तोंडच उघडत नसत.

टेबलावर व्यवस्थापकांनी तळाशी सापडलेल्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. का, ते कुणालाच कळलं नाही. अध्यक्षबाईंनी कवळी उचलली, उलटी केली आणि म्हणाल्या, "ही मी बनवलेली आहे. पुढे बोला."

व्यवस्थापक बोलले. मावशींचं वय, मावशींचे भास, वाया गेलेलं पाणी, जखमी प्रशिक्षक. जखमी प्रशिक्षक कोपऱ्यात उभे होते. मावशी दाराजवळच्या बाकावर बसली होती, हातात भिंग घट्ट धरून.

"तुमच्याकडे काही पुरावा आहे?" अध्यक्षबाईंनी तिला विचारलं.

"गुलाब होता, बाई," मावशी म्हणाली. कुणीतरी खुदकन हसलं.

चिमटी पुढे झाली. तिने आधी गेल्या वर्षीची पानं वाचून दाखवली. तिकीटबाईंची मधमाशी, सरांचं पाणी, साहेबांचं 'काल सकाळी कळवलं होतं'.

"ते मागचं झालं," व्यवस्थापक म्हणाले. "मंगळवारी मी साधा गुलाब पाठवला होता. कोरा. तिकीटबाईंनी तो काढून टाकला, त्याला मी काय करू?"

"मी नाही काढला!" तिकीटबाई उभ्या राहिल्या.

"नाहीच काढला त्यांनी," चिमटी म्हणाली आणि पंपखोलीतला फोन अध्यक्षबाईंपुढे ठेवला. "बाई काढतात तेव्हा काय दिसतं, वाचा. 'अ‍ॅडमिनने डिलीट केला.' प्रत्येक फुलाच्या जागी हेच. आता मंगळवार वाचा. नुसतं 'डिलीट करण्यात आला'. अ‍ॅडमिनचं नाव नाही. तसं कधी दिसतं? ज्याने पाठवलं त्यानेच परत घेतलं, तर."

व्यवस्थापकांनी तोंड घट्ट मिटलं. अध्यक्षबाई त्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"फोटो... फोटो हलला होता," ते ओठ न उघडता म्हणाले. "म्हणून काढला."

"ठीक आहे," चिमटी म्हणाली. "मग हललेला फोटो बघू या. तुम्ही तुमच्या फुलाची आपल्या ग्रुपमधली प्रत काढलीत. पण पुढे गेलेलं फूल परत येत नाही. सर, तुमच्या सासरचा ग्रुप उघडा."

"काय?" प्रशिक्षक भिंतीला टेकले आणि कळवळून परत सरळ झाले. "इथे? सगळ्यांसमोर?"

"सर, मावशीची नोकरी आहे."

"अहो, मी तो ग्रुप... म्हणजे मुद्दाम नाही, पण बरेच दिवस उघडलेला नाही."

"ते माहीत आहे," चिमटी म्हणाली. "उघडला असतात, तर पलंगावरच उलगडा झाला असता."

सरांनी फोन काढला, अंगठ्याने खूप वेळ वर सरकवत राहिले, आणि थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. मग त्यांनी फोन निमूटपणे अध्यक्षबाईंच्या हातात दिला. मावशी उठली आणि तिने आपलं भिंग पुढे केलं.

अध्यक्षबाईंनी भिंग धरून मोठ्याने वाचलं. "मंगळवार, सकाळ. पुढे पाठवलेलं. शुभ सकाळ. गुलाब आहे, हो, मधमाशी आहे. खाली, हसणाऱ्याचा दिवस हसरा जातो. त्याच्या खाली... केवढं बारीक लिहिलंय! 'आज संध्याकाळी सगळे गेल्यावर पाणी पूर्ण सोडावे. उद्या फरशीचे काम आहे.'"



"याखाली उत्तरंही आहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सासूबाई: जावईबापू, सगळं सोडायचं का? प्यायला थोडं ठेवू? मग संध्याकाळी सासरे: सोडले. बुधवारी सासरे: फरशीवाला किती वाजता येतो? दुपारी: फरशीवाला आला नाही. गुरुवारी: जावईबापू, पाणी नाही. शुक्रवारी..." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "शुक्रवारचं मी वाचत नाही."

व्यवस्थापक खुर्चीत बसले, की खुर्चीच त्यांच्याखाली आली, ते सांगणं कठीण होतं.

"मीसुद्धा वाचत नाही हो खालचं," ते शेवटी म्हणाले. "गेल्या वर्षी बनवलेला गुलाब. खाली काय लिहिलंय, विसरलोच होतो. बुधवारी सरांची आरोळी ऐकली, कोरडा तलाव बघितला. फोन उघडला, गुलाब बघितला, आणि अंगठा आपोआप गेला."

"आणि मला घरी जायला सांगितलंत," मावशी म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "दुकानदार मला झेंडूची खबर विचारतो, साहेब."



८

मावशीने दुसऱ्याच दिवसापासून कामावर यावं, असं मंडळाने तिथल्या तिथे ठरवलं. यापुढे कामं फुलांखाली लिहायची नाहीत, सरळ अक्षरांत लिहायची, म्हणजे शोधली तर सापडतील, हेही ठरलं. व्यवस्थापकांनी ग्रुपवर मावशीची माफी मागावी, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं. कवळीचा मालक त्यांना आठवला होता. त्या ती रुमालात बांधून घेऊन गेल्या.

रविवारी सकाळी तलाव भरायला घेतला. मावशी पंपखोलीत उभी राहून मीटर बघत होती आणि चिमटी उंबऱ्यावर बसली होती. खिळ्यावरचा फोन थरथरला.

व्यवस्थापकांनी पांढरं कमळ पाठवलं होतं. वर शुभ सकाळ. खाली सुवचन. त्याच्याही खाली मुंग्या.

"सरळ लिहायचं ठरलं होतं ना!" चिमटी चिडून उठली.

"असू दे गं. भित्रा माणूस आहे." मावशीने भिंग धरलं आणि ओठ हलवत वाचलं. 'मावशी, हुकूम माझाच होता. तुम्ही बरोबर वाचलंत, चुकलो मी. माफ करा.'

त्या दिवशी पहिल्यांदाच ग्रुपवरच्या सगळ्यांनी फूल मोठं करून बघितलं. तिकीटबाईंनी लिहिलं, 'वाचलं.' सरांनी लिहिलं, 'वाचलं.' पण सवय ती सवय, त्यांनी कमळ आधी पुढेही ढकललं होतं. थोड्या वेळाने त्यांनी सासऱ्यांचं उत्तर ग्रुपवर चिकटवलं. 'माफ केले. पण फरशीवाल्याचे काय झाले?'

मावशी खूप वेळ हसली. मग चिमटीकडून अक्षरं कुठे असतात ते विचारून घेतलं आणि खिळ्यावरच्या फोनवरून आयुष्यातला पहिला मेसेज एकेका बोटाने लिहिला. 'पाणी सोडलं होतं, ते भरतेय. संध्याकाळपर्यंत काठोकाठ.'

सोमवारी शिस्तीप्रमाणे तिकीटबाईंनी खुडायला घेतलं. झेंडू गेला, लिली गेली, गुरुवारचं, शुक्रवारचं, शनिवारचं फूल गेलं. कमळावर बोट आलं आणि थांबलं. फोन जागा नाही, जागा नाही म्हणून ओरडत होता. तिकीटबाईंनी विचार केला, बहिणीच्या नव्या घरी रविवारी जाऊन स्वतः काढलेले व्हिडिओ उघडले आणि त्यातले स्वयंपाकघराचे सगळे डिलीट केले.

कमळ राहिलं.